महामारीनंतरच्या काळातील माध्यमिक शिक्षकांचा व्यावसायिक विकास (महाराष्ट्र)

महामारीनंतरच्या काळातील माध्यमिक शिक्षकांचा व्यावसायिक विकास म्हणजे कोविड-१९ महामारीमुळे मार्च २०२० पासून दीर्घकाळ बंद राहिलेल्या शाळा पुन्हा सुरू झाल्यावर इयत्ता नववी व दहावीच्या शिक्षकांना आवश्यक ठरलेले नवे ज्ञान व कौशल्ये, आणि ती त्यांना मिळवून देणाऱ्या व्यवस्था. महाराष्ट्रात हा प्रश्न एका विशिष्ट पेचामुळे गंभीर झाला. विषयाचे उच्च शिक्षण घेतलेल्या शिक्षकांसमोर प्राथमिक स्तरावरील वाचन व गणित अपुरे राहिलेले विद्यार्थी आले, आणि ही उणीव भरून काढण्याचे प्रशिक्षण त्या शिक्षकांना सेवापूर्व अभ्यासक्रमात कधीच मिळालेले नव्हते. प्रस्तुत लेखात राज्यातील एकूण परिस्थितीबरोबरच अहिल्यानगर (२०२४ पर्यंत अहमदनगर) जिल्ह्यातील नेवासा तालुका आणि त्यातील शनिशिंगणापूर परिसर यांचा विशेष विचार केला आहे.

संज्ञा

सेवांतर्गत प्रशिक्षण आणि व्यावसायिक विकास हे शब्द व्यवहारात एकाच अर्थाने वापरले जातात, परंतु त्यांत भेद आहे. सेवांतर्गत प्रशिक्षण हे ठरावीक दिवसांचे, ठरावीक आशयाचे आणि बहुधा वरून योजलेले असते. व्यावसायिक विकास ही शिक्षकाच्या सेवाकाळभर चालणारी प्रक्रिया असून तीत प्रशिक्षणाबरोबर स्वयंअध्ययन, सहकाऱ्यांच्या पाठांचे निरीक्षण, विषयसंघांतील चर्चा, कृतिसंशोधन आणि लेखन यांचा समावेश होतो. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने प्रत्येक शिक्षकाने वर्षाला किमान ५० तास सातत्यपूर्ण व्यावसायिक विकासासाठी द्यावेत, अशी अपेक्षा नोंदवली आहे. हे धोरण २९ जुलै २०२० रोजी, म्हणजे शाळा बंद असतानाच, जाहीर झाले.

पूर्वपीठिका

अध्यापन हे शिकून घ्यावयाचे काम आहे, ही जाणीव महाराष्ट्रात जुनी आहे. अमेरिकन मराठी मिशनच्या सिंथिया फॅरार यांच्या अहमदनगरमधील संस्थेत सावित्रीबाई फुले यांनी अध्यापनाचे शिक्षण घेतल्याचे त्यांचे चरित्रकार नोंदवतात. स्वातंत्र्यानंतर कोठारी आयोगाने (१९६४–६६) प्रत्येक शिक्षकाला दर पाच वर्षांच्या सेवेत दोन ते तीन महिन्यांचे सेवांतर्गत शिक्षण मिळावे, अशी शिफारस केली. ती शिफारस त्या प्रमाणात कधीही अमलात आली नाही.

राज्यातील शिक्षक प्रशिक्षणाची शिखर संस्था पुणे येथील महाराष्ट्र राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषद ही आहे. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था (डाएट) स्थापन झाल्या. अहिल्यानगर जिल्ह्याची संस्था संगमनेर येथे आहे. या संस्थांची रचना मुळात प्राथमिक शिक्षण डोळ्यांसमोर ठेवून झालेली आहे. केंद्रशाळा, केंद्रप्रमुख आणि केंद्रस्तरीय शिक्षण परिषद ही साखळी जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शिक्षकाला दरमहा एका ठिकाणी आणते. महाराष्ट्रातील बहुसंख्य माध्यमिक शाळा मात्र खाजगी अनुदानित आहेत. त्या महाराष्ट्र खाजगी शाळांतील कर्मचारी (सेवेच्या शर्ती) विनियमन अधिनियम, १९७७ आणि त्याखालील १९८१ च्या नियमावलीने बांधलेल्या आहेत, आणि त्यांच्या शिक्षकांसाठी अशी नियमित बैठक क्वचितच असते. रयत शिक्षण संस्थेसारख्या मोठ्या संस्था आपल्या शाळांसाठी स्वतंत्र कार्यक्रम घेऊ शकतात. एक-दोन शाळा चालवणाऱ्या छोट्या संस्थांना ते परवडत नाही. अशा शाळेत विज्ञानाचा शिक्षक एकच असतो आणि आपल्या विषयाविषयी बोलण्यास त्याला कोणी सहकारी नसतो.

महामारीपूर्व काळात माध्यमिक शिक्षकाच्या वाट्याला येणारी प्रशिक्षणे मुख्यतः दोन प्रकारची होती. पाठ्यपुस्तक बदलले की त्याची ओळख करून देणारे प्रशिक्षण (नववीची पुस्तके २०१७ मध्ये व दहावीची २०१८ मध्ये बदलली), आणि वेतनश्रेणीशी जोडलेले प्रशिक्षण. बारा वर्षांच्या सेवेनंतरची वरिष्ठ वेतनश्रेणी आणि चोवीस वर्षांनंतरची निवडश्रेणी मिळण्यासाठी विहित प्रशिक्षण पूर्ण करावे लागते. परिणामी कित्येक शिक्षकांच्या बोलण्यात ‘प्रशिक्षण’ या शब्दाला श्रेणीचाच अर्थ चिकटला. त्याबद्दल केवळ शिक्षकांना दोष देणे न्याय्य होणार नाही. बारा-बारा वर्षांत दुसरे काही दिलेच गेले नसेल, तर जे दिले गेले त्यालाच ते महत्त्व देणार.

महामारीचा काळ

राज्यातील शाळा मार्च २०२० च्या मध्यास बंद होऊ लागल्या, तेव्हा दहावीची परीक्षा सुरू होती. २३ मार्च रोजी होणारा भूगोलाचा पेपर आधी पुढे ढकलला गेला व नंतर रद्द झाला. त्याचे गुण इतर विषयांच्या सरासरीने देण्यात आले. नववीच्या दुसऱ्या सत्राची परीक्षाही रद्द करण्यात आली.

एप्रिल २०२० पासून राज्य परिषदेने ‘शाळा बंद, पण शिक्षण आहे’ ही अभ्यासमाला सुरू केली. तिचे दुवे दररोज शिक्षकांच्या व्हॉट्सॲप गटांवरून पालकांच्या भ्रमणध्वनीवर जात. दीक्षा ॲप, सह्याद्री वाहिनीवरील ‘टिलीमिली’ (पहिली ते आठवी) व ‘ज्ञानगंगा’ (दहावी व बारावी) हे कार्यक्रम, आणि नोव्हेंबर २०२० पासूनचा ‘स्वाध्याय’ हा व्हॉट्सॲपवरील साप्ताहिक प्रश्नसंच हे त्या काळातील मुख्य उपक्रम होत. जुलै २०२० मध्ये अभ्यासक्रमात २५ टक्के कपात करण्यात आली. ती पुढील वर्षीही कायम राहिली.

त्याच काळात शिक्षकांकडे अन्य कामेही होती. तपासणी नाके, विलगीकरण कक्ष आणि स्वस्त धान्य दुकाने येथील नेमणुका, तसेच सप्टेंबर-ऑक्टोबर २०२० मधील ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ या मोहिमेतील घरोघरचे सर्वेक्षण यांत शिक्षक मोठ्या संख्येने सहभागी झाले. काहींचा त्यात मृत्यू ओढवला. नव्या माध्यमातून अध्यापन कसे करावे हे शिकण्याची सर्वाधिक निकड ज्या महिन्यांत होती, त्याच महिन्यांत शिक्षक तापमापक व प्राणवायूमापक घेऊन दारोदार फिरत होते, ही बाब पुढील चर्चेत बहुधा विसरली जाते.

नववी ते बारावीचे वर्ग २३ नोव्हेंबर २०२० पासून सुरू करण्यास परवानगी मिळाली, परंतु फेब्रुवारी ते एप्रिल २०२१ मध्ये ते क्रमाक्रमाने पुन्हा बंद झाले. १५ जुलै २०२१ पासून कोरोनामुक्त गावांत आठवी ते बारावीचे वर्ग आणि ४ ऑक्टोबर २०२१ पासून ग्रामीण भागात पाचवीपासूनचे व शहरी भागात आठवीपासूनचे वर्ग उघडले. जानेवारी २०२२ मध्ये शाळा काही काळ परत बंद राहिल्या.

२०२१ ची दहावीची परीक्षा रद्द झाली. त्या वर्षीचे मूल्यमापन नववीच्या अंतिम निकालाला ५० गुण, दहावीच्या अंतर्गत लेखी मूल्यमापनाला ३० गुण आणि गृहपाठ, तोंडी व प्रात्यक्षिक यांना २० गुण या सूत्राने करण्यात आले. ज्या नववीच्या निकालावर निम्मे गुण अवलंबून होते, त्या नववीची वार्षिक परीक्षाच २०२० मध्ये झालेली नव्हती. निकाल ९९.९५ टक्के लागला. महामारीपूर्वी, २०१९ मध्ये, तो ७७.१० टक्के होता.

अध्ययनातील तूट

महामारीनंतरच्या अध्ययनस्थितीविषयी दोन प्रमुख मोजमापे उपलब्ध आहेत. १२ नोव्हेंबर २०२१ रोजी झालेल्या राष्ट्रीय संपादणूक सर्वेक्षणात दहावीचा समावेश होता. देशपातळीवर दहावीची विज्ञानाची सरासरी ५०० पैकी २०६ आली. याच सर्वेक्षणात २४ टक्के विद्यार्थ्यांनी घरी डिजिटल साधन नसल्याचे आणि ३८ टक्के विद्यार्थ्यांनी महामारीच्या काळात घरून शिकणे अवघड गेल्याचे सांगितले. दुसरे मोजमाप ‘असर’ या ग्रामीण पाहणीचे होय. तिच्या २०२२ च्या अहवालानुसार दुसरीच्या पातळीचा उतारा वाचू शकणाऱ्या आठवीच्या विद्यार्थ्यांचे देशातील प्रमाण २०१८ मधील ७३ टक्क्यांवरून ६९.६ टक्क्यांवर आले होते. तिसरीत ही घसरण अधिक तीव्र, म्हणजे २७.३ वरून २०.५ टक्के, होती. २०२४ च्या अहवालात प्राथमिक स्तरावर सुधारणा दिसून आली.

हे आकडे माध्यमिक शिक्षकाच्या भाषेत मांडल्यास असे दिसते: नववीच्या वर्गात साठ मुले असतील, तर त्यांतील सुमारे अठरा मुले दुसरीचा परिच्छेद सलग वाचू शकत नाहीत. ही राष्ट्रीय सरासरी आहे. एखाद्या शाळेत ही संख्या सहा असेल, दुसरीत तीस असेल. महामारीपूर्वीही अशी मुले वर्गात होतीच. महामारीने त्यांची संख्या वाढवली व हा प्रश्न झाकून ठेवणे अशक्य केले.

या तुटीचा कालावधी समजून घेण्यासाठी साधा हिशेब पुरेसा आहे. २०२०–२१ मध्ये पहिलीत नाव घातलेले, म्हणजे पहिलीचा वर्ग प्रत्यक्ष जवळजवळ न पाहिलेले मूल २०२८–२९ मध्ये नववीत येते. त्यामुळे महामारीचा माध्यमिक शाळांवरील परिणाम २०२२ मध्ये शाळा पूर्ववत झाल्यावर संपला, असे मानता येत नाही. अक्षरओळखीच्या वयात शाळेबाहेर राहिलेल्या तुकड्या माध्यमिक स्तरावर अजून पोहोचावयाच्या आहेत.

शिक्षकांच्या गरजा

वाचन व पायाभूत गणित शिकवण्याचे कौशल्य

ही गरज सर्वांत मोठी असून तिची चर्चा सर्वांत कमी झालेली आहे. डी.एड. झालेला प्राथमिक शिक्षक मुलाला वाचायला कसे शिकवावे हे शिकून सेवेत येतो. बी.एड. झालेला माध्यमिक शिक्षक बहुधा दोन विषयांच्या अध्यापनपद्धती शिकतो आणि त्या दोन्ही पद्धती मुलाला वाचता येते हे गृहीत धरतात. मराठीचा शिक्षक रसग्रहण शिकवू शकतो. जोडाक्षर आले की अडखळणाऱ्या चौदा वर्षांच्या मुलाला कोठून सुरुवात करून द्यावी, हे त्याला कोणी सांगितलेले नसते. शिवाय मोठ्या मुलाला लहान मुलाचे पुस्तक दिल्यास ते त्याला अपमानास्पद वाटते. त्याच्या वयाला साजेसा विषय आणि त्याच्या पातळीला साजेशी भाषा असे साहित्य मराठीत थोडे आहे आणि ते शिक्षकालाच तयार करावे लागते.

वाचनाचा प्रश्न केवळ भाषाविषयाचा नाही. नववीच्या विज्ञानाच्या पुस्तकाची सुरुवात ‘गतीचे नियम’ या प्रकरणाने होते. त्यात विस्थापन, त्वरण, संवेग हे शब्द पहिल्या काही पानांतच येतात. ज्या मुलाचा वाचनवेग शब्दाशब्दाला थांबतो, त्याचे वाक्याच्या शेवटी येईपर्यंत आरंभीचे पद निसटून जाते, आणि तो नियम समजण्यापूर्वीच हरतो. म्हणून विज्ञान व इतिहासाच्या शिक्षकांनाही आपापल्या विषयाचा मजकूर वाचायला शिकवणे, म्हणजे पारिभाषिक शब्दाची फोड करणे, आकृती व मजकूर यांची सांगड घालणे, परिच्छेदाला प्रश्न विचारणे, हे कौशल्य आवश्यक ठरते. गणितात बहुपदींचा भागाकार शिकवताना साध्या भागाकाराची पायरीच निसटलेली आढळते. तेव्हा किती मागे जावे आणि परत पुढे केव्हा यावे, हा निर्णय शिक्षकाला दररोज करावा लागतो. पस्तीस-चाळीस मिनिटांची तासिका आणि मार्चमध्ये येणारी बोर्डाची परीक्षा यांच्या चौकटीत तो करणे सोपे नाही.

‘प्रथम’ या संस्थेने प्राथमिक स्तरावर रूढ केलेली, इयत्तेऐवजी पातळीनुसार गट करून शिकवण्याची पद्धत माध्यमिक शाळेला जशीच्या तशी लागू पडत नाही, कारण येथे प्रत्येक तासाला शिक्षक बदलतो. परंतु महाराष्ट्रातील अनेक माध्यमिक शाळा पाचवीपासून सुरू होतात. अशा शाळेला उणीव पाचवी-सहावीतच हेरून पुढील तीन वर्षांत ती भरून काढण्याची संधी असते. तिचा लाभ घेण्यासाठी पाचवीचे व नववीचे शिक्षक एकत्र बसून नियोजन करणारे हवेत.

निदान व मूल्यमापन

१ जुलै २०२१ पासून राज्यात ४५ दिवसांचा सेतू अभ्यासक्रम राबवण्यात आला. त्यात मागील इयत्तेच्या महत्त्वाच्या क्षमता आणि तीन चाचण्या होत्या. चाचणीतून आलेले गुण नोंदवण्याची सवय शिक्षकांना होती. चुकांचे वर्गीकरण करून त्यांतून पुढचा पाठ आखण्याची सवय नव्हती. दहा पैकी चार गुण मिळालेल्या दोन मुलांच्या चुका सर्वस्वी भिन्न असू शकतात. एकाला आशय कळलेला नसतो, दुसऱ्याला प्रश्नच वाचता आलेला नसतो. निदान म्हणजे हा फरक ओळखणे होय.

२०२२ ची दहावी या दृष्टीने बोलकी आहे. त्या तुकडीची आठवी व नववी या दोन्ही इयत्तांची वार्षिक परीक्षा झाली नव्हती. मंडळाने कमी केलेल्या अभ्यासक्रमावर, शक्यतो विद्यार्थ्यांच्या स्वतःच्याच शाळेत आणि मोठ्या प्रश्नपत्रिकांना ३० मिनिटे जादा वेळ देऊन परीक्षा घेतली. लिखाणाची सवय मोडलेली असल्याने हा वेळ दिला गेला होता. निकाल ९६.९४ टक्के लागला आणि सवलती संपल्यावर, २०२३ मध्ये, ९३.८३ टक्के. हे दोन्ही आकडे २०१९ च्या निकालाहून बरेच वर आहेत. याच काळातील सर्वेक्षणे मात्र घसरण दाखवतात. निकालाच्या टक्केवारीवरून अध्ययनाचा अंदाज बांधता येत नाही, हे यावरून दिसते. शिक्षकाला स्वतःचे, वर्गातले मोजमाप विकसित करणे त्यामुळेच आवश्यक ठरते.

डिजिटल साधनांचा विवेकी वापर

तंत्रज्ञान या विषयावर महामारीच्या काळात सर्वाधिक प्रशिक्षणे झाली. सभा कशी घ्यावी, चित्रफीत कशी तयार करावी, गूगल फॉर्मवर चाचणी कशी काढावी हे बहुतेक शिक्षक त्या दोन वर्षांत शिकले आणि पुष्कळसे आपल्या विद्यार्थ्यांकडून वा मुलांकडूनच शिकले. ग्रामीण भारतात स्मार्टफोन असलेल्या घरांतील शालेय मुलांचे प्रमाण ‘असर’च्या पाहणीनुसार २०१८ मधील ३६.५ टक्क्यांवरून २०२१ मध्ये ६७.६ टक्क्यांवर गेले. मात्र घरात फोन असूनही सुमारे चौथ्या हिश्श्याच्या मुलांना तो वापरायला मिळत नव्हता. फोन वडिलांबरोबर कामावर जात असे.

शाळा उघडल्यावर गरजेचे स्वरूप बदलले. आता प्रश्न साधन चालवण्याचा नसून ते कोठे उपयोगी आणि कोठे निरुपयोगी हे ठरवण्याचा आहे. बालभारतीच्या पुस्तकांतील क्यूआर कोड (या कल्पनेचा पाया घालणारे सोलापूर जिल्ह्यातील शिक्षक रणजितसिंह डिसले यांना २०२० चा ग्लोबल टीचर पुरस्कार मिळाला) वर्गात कसा वापरावा, मुलाने भ्रमणध्वनीवरून उतरवून आणलेले उत्तर कसे ओळखावे, मुलींच्या छायाचित्रांचा गैरवापर झाल्यास काय करावे, हे आजचे विषय आहेत. अकोले तालुक्यातील डोंगराळ गावांसारख्या, संपर्कजाल अशक्त असलेल्या भागांतील शिक्षकाला पूर्वी उतरवून ठेवलेल्या साहित्यावर काम करण्याचे तंत्र अधिक उपयोगाचे आहे.

विद्यार्थ्यांचा मानसिक आधार व कायद्याची माहिती

किशोरवयातील दोन वर्षे घरात गेल्यानंतर शाळेत आलेली मुले एका जागी बसू शकत नव्हती, काही बोलतच नव्हती, आणि काहींच्या घरी मृत्यू झालेला होता. केंद्र शासनाने जुलै २०२० मध्ये ‘मनोदर्पण’ हा उपक्रम आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये ‘टेली-मानस’ (१४४१६) ही सेवा सुरू केली. ग्रामीण माध्यमिक शाळेत समुपदेशक बहुधा नसतो. वर्गशिक्षकच पहिला साक्षीदार असतो. त्याने उपचार करणे अपेक्षित नाही. लक्षणे ओळखणे, ऐकून घेणे आणि योग्य ठिकाणी पाठवणे एवढे त्याला आले पाहिजे.

याला जोडून काही व्यवहारी माहिती लागते. कोविडमुळे दोन्ही पालक गमावलेल्या बालकाच्या नावे पाच लाख रुपयांची मुदत ठेव ठेवण्याचा राज्याचा निर्णय (जून २०२१), पीएम केअर्समधील मुलांसाठीची योजना, बालसंगोपन योजना यांचे अर्ज शाळेच्या दाखल्यावाचून पुढे सरकत नाहीत. बालविवाहाची कुणकुण लागल्यास ग्रामीण भागात ग्रामसेवक हा प्रतिबंधक अधिकारी असतो आणि चाइल्डलाइनचा क्रमांक १०९८ आहे. लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाल्यावर ती पोलिसांना कळवणे २०१२ च्या पॉक्सो कायद्याने बंधनकारक आहे. नववीतील मुलगी दिवाळीच्या सुटीनंतर शाळेत आली नाही, तर हजेरीपटावर सलग गैरहजेरी मांडत राहणे पुरेसे नसते, हे प्रशिक्षणात स्पष्टपणे सांगितले गेले पाहिजे.

दिव्यांग विद्यार्थ्यांच्या गरजा या काळात आणखी दुर्लक्षित राहिल्या. २०१६ च्या कायद्याने २१ प्रकारची दिव्यांगता मान्य केली आहे. अध्ययन अक्षमता त्यांत येते. शाळाबंदीमुळे मागे पडलेले मूल आणि अध्ययन अक्षमता असलेले मूल वरवर सारखेच दिसतात. त्यांच्यात गल्लत झाल्यास दोघांचेही नुकसान होते.

नेवासा तालुका व शनिशिंगणापूर परिसर

सर्व शिक्षकांना एकच प्रशिक्षण का पुरत नाही, हे या परिसराच्या उदाहरणावरून समजते. शनिशिंगणापूर हे नेवासा तालुक्यातील गाव उघड्या चौथऱ्यावरील शनिदेवाच्या शिळेसाठी व दारे नसलेल्या घरांसाठी प्रसिद्ध आहे. गावाचे व भोवतालच्या वस्त्यांचे अर्थकारण पूजासाहित्य, प्रसाद, भोजनालये, निवास आणि वाहतूक यांवर उभे आहे. शनिवारी व शनी अमावास्येला येथे मोठी गर्दी होते. महामारीत राज्यातील इतर देवस्थानांप्रमाणे हे मंदिरही मार्च २०२० पासून बंद होते. ते १६ नोव्हेंबर २०२० रोजी उघडले, एप्रिल २०२१ मध्ये पुन्हा बंद झाले आणि ७ ऑक्टोबर २०२१ रोजी, घटस्थापनेला, परत सुरू झाले. म्हणजे शाळा व गावाची रोजी या दोन्ही गोष्टी जवळजवळ एकाच वेळी बंद पडल्या आणि एकाच वेळी उघडल्या.

याचा शिक्षकाच्या कामाशी सरळ संबंध आहे. तीर्थक्षेत्र उघडल्यावर दीड वर्षाचा तोटा भरून काढण्यासाठी घरातील प्रत्येक हाताला काम मिळते, आणि पंधरा-सोळा वर्षांचा मुलगा दुकानावर किंवा वाहनतळावर उभा राहिला तर घराला ते सोयीचेच असते. भाविकांची वाहने हेरून त्यांना ठरावीक दुकानाकडे वळवणाऱ्या, दलालीवर काम करणाऱ्यांना परिसरात ‘लटकू’ म्हणतात. रोज हाती पैसा देणाऱ्या अशा कामाचे आकर्षण दहावीच्या गुणपत्रिकेपेक्षा जवळचे असते. येथील शिक्षकाला शनिवारच्या उपस्थितीचा प्रश्न, पालकांशी मिळकतीविषयी न दुखावता बोलण्याची हातोटी आणि व्यवसाय मार्गदर्शन यांची जितकी गरज आहे, तितकी ती मुंबईच्या उपनगरातील शिक्षकाला नाही.

याच तालुक्यात सोनई येथे मुळा व भेंडे येथे ज्ञानेश्वर हे सहकारी साखर कारखाने आहेत. ऊसतोडीच्या हंगामात, दिवाळीच्या आगेमागे, टोळ्या येतात आणि मार्च-एप्रिलमध्ये परततात. त्यांच्याबरोबर आलेली मुले दोन शाळांच्या पटांमध्ये हरवतात. प्राथमिक वयाच्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहे व साखरशाळा यांसारखे प्रयोग राज्यात झाले. नववी-दहावीच्या वयाचे मूल मात्र बहुधा कोयता किंवा धाकटे भावंड यांपैकी एक सांभाळू लागलेले असते. अशा मुलाला चार महिन्यांनंतर परत वर्गात सामावून घेण्याचे तंत्र महामारीपूर्वीही हवे होते. शाळाबंदीच्या काळात ज्या अडचणीला सारा महाराष्ट्र सामोरा गेला, ती ऊसतोड कुटुंबांच्या बाबतीत दर वर्षीची आहे.

राबवलेले उपक्रम

केंद्र शासनाचा ‘निष्ठा’ हा शिक्षक प्रशिक्षण कार्यक्रम ऑगस्ट २०१९ मध्ये प्राथमिक स्तरासाठी समोरासमोरच्या पद्धतीने सुरू झाला होता. महामारीत तो दीक्षा मंचावर नेण्यात आला. माध्यमिक शिक्षकांसाठीचा ‘निष्ठा २.०’ २९ जुलै २०२१ रोजी जाहीर झाला. त्यात १२ सर्वसाधारण व ५६ विषयनिहाय घटकसंच असून सुमारे दहा लाख शिक्षकांपर्यंत पोहोचण्याचे उद्दिष्ट होते. माध्यमिक शिक्षकासाठी राष्ट्रीय पातळीवर इतका विस्तृत अभ्यासक्रम प्रथमच तयार झाला, हे त्याचे श्रेय मान्य करावे लागते. पायाभूत साक्षरतेवरील ‘निष्ठा ३.०’ मात्र पूर्वप्राथमिक ते पाचवीच्या शिक्षकांसाठी ठेवण्यात आला. माध्यमिक शिक्षकाला ज्या भागाची सर्वाधिक निकड होती, तो त्याच्या वाट्याला आला नाही.

जागतिक बँकेच्या साहाय्याने राबवलेल्या ‘स्टार्स’ प्रकल्पासाठी निवडलेल्या सहा राज्यांत महाराष्ट्राचा समावेश होता. केंद्रीय मंत्रिमंडळाने त्याला ऑक्टोबर २०२० मध्ये मान्यता दिली. मूल्यमापन सुधारणा व शिक्षकांचा विकास हे त्याचे घोषित घटक होते.

वरिष्ठ व निवडश्रेणीचे थकलेले प्रशिक्षण राज्य परिषदेने जून २०२२ पासून इन्फोसिस स्प्रिंगबोर्ड या मंचावर ऑनलाइन घेतले. २०२४–२५ मध्ये क्षमतावृद्धी २.० हे पाच दिवसांचे प्रशिक्षण तालुका पातळीवर प्रत्यक्ष घेण्यात आले. नव्या धोरणाची ओळख, क्षमताधारित मूल्यांकन व समग्र प्रगतिपत्रक यांवर त्याचा भर होता.

टीका व अडचणी

ऑनलाइन प्रशिक्षणाने प्रवास, निवास व रजेचे प्रश्न सोडवले, आणि दूरच्या गावातील शिक्षकालाही राज्यपातळीवरील तज्ज्ञ ऐकता आला. परंतु चित्रफीत सुरू ठेवून दुसरी कामे उरकणे, उत्तरांच्या याद्या गटांवर फिरणे आणि प्रमाणपत्र हाच शेवट मानणे या प्रवृत्तीही त्यातून बळावल्या. प्रत्यक्ष प्रशिक्षणांची पद्धत राज्य, जिल्हा, तालुका अशी उतरत्या क्रमाची असल्याने मूळ आशय प्रत्येक पायरीवर पातळ होतो. शेवटच्या पायरीवर बऱ्याचदा पडद्यावरील मजकूर वाचून दाखवला जातो. मुलांना कृतीतून शिकवा हे सांगणारे व्याख्यान तीन तास एकतर्फी चालावे, हा विरोधाभास प्रशिक्षणार्थींच्या लक्षात येतोच.

प्रशिक्षणे बहुधा जानेवारी ते मार्च या काळात, आर्थिक वर्ष संपण्यापूर्वी होतात. हाच दहावीच्या उजळणीचा व प्रात्यक्षिकांचा काळ असतो. शिवाय निवडणूक, मतदार यादी व निरनिराळी सर्वेक्षणे ही कामे, रिक्त पदांमुळे वाढलेल्या तासिका आणि ऑनलाइन माहिती भरण्याचा व्याप यांतून वर्षाला ५० तास काढणे कठीण जाते. नव्याने लागलेल्या शिक्षण सेवकांची स्थिती वेगळी आहे. माध्यमिक शिक्षण सेवकाचे मानधन २०२३ मध्ये आठ हजारांवरून अठरा हजार रुपये झाले. तत्पूर्वीच्या मानधनात घर चालवून पुस्तके विकत घेणे शक्य नव्हते, आणि महामारीत आंतरजालाचा खर्चही त्यातूनच भागवावा लागला. विनाअनुदानित शाळांतील कित्येक शिक्षकांचे त्या काळात वेतनच थांबले. सेवांतर्गत प्रशिक्षणाच्या योजनांत या शिक्षकांचा विचार आजही सर्वांत शेवटी होतो.

माध्यमिक शाळांसाठी पर्याय म्हणून तालुका पातळीवरील विषयशिक्षकांचे संघ व मुख्याध्यापक संघ यांच्याकडे पाहिले जाते. गणित, विज्ञान, इंग्रजी व मराठी या विषयांचे असे संघ अनेक जिल्ह्यांत आधीपासून आहेत. त्यांची कामे मुख्यतः प्रश्नपत्रिका काढणे व दहावीची मार्गदर्शन शिबिरे घेणे एवढ्यापुरती राहिली आहेत. एका शाळेतील एकाकी विषयशिक्षकाला दुसऱ्या शाळेतील त्याच विषयाच्या शिक्षकाशी जोडणारी ही एकमेव उपलब्ध रचना आहे. तिला मान्यता, प्रवासभत्ता आणि महिन्यातील एक ठरलेला दिवस मिळावा, ही मागणी शिक्षकांच्या बैठकांत वेळोवेळी पुढे येते.